घसारा वजा जाता मार्गदर्शक

आमच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला दर एप्रिलमध्ये कल्पना सुचतात. एका वर्षी त्यांनी सगळ्यांना पावलं मोजणारे पट्टे वाटले. आमच्यातल्या चौघांचे पट्टे शिपाईमामाच हातात घालून फिरायचे, आणि वर्षअखेर चौघांनाही बक्षीस मिळालं. मामांना काही मिळालं नाही, पण गुडघे गेले. पुढच्या वर्षी खुर्चीत बसल्या बसल्या करायची योगासनं आली. कंबर धरल्यामुळे निम्मा लेखा विभाग वैद्यकीय रजेवर गेला. यंदा मेंटॉरिंग आलं.

मी मोटार विम्याच्या दावे विभागात आहे. लोकांनी गाड्या ठोकायच्या, गॅरेजवाल्याने एस्टिमेट फुगवायचं, सर्व्हेअरने ते खाली आणायचं आणि मी त्यावर सही करायची, अशी आमची साखळी. या साखळीत नव्याने आलेल्या मुलामुलींना प्रत्येकी एक अनुभवी मार्गदर्शक द्यायचा, म्हणजे त्यांचा ताण कमी होईल, कामाच्या चांगल्या सवयी लागतील आणि ती दिवाळीचा बोनस घेऊन पळून जाणार नाहीत, असा बेत होता. मार्गदर्शक निवडायला निकष दोनच: वीस वर्षांहून जास्त नोकरी आणि हातात कुठलंही तातडीचं काम नसणं. दुसऱ्या निकषावर मी अख्ख्या शाखेत पहिला आलो.

घरी ही बातमी दिली तेव्हा बायको कणीक मळत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही मार्ग दाखवणार? परवा सासवडला मावशींकडे जायचं होतं तर जेजुरी गाठलीत!"

"खंडोबाचं दर्शन झालं ना पण?"

"झालं. त्या पोराचंही असंच व्हायचं. निघेल कामाला आणि पोचेल देवाच्या दारात."

घरच्या माणसांना आपली किंमत नसते, हे जगातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं दुखणं आहे. मी अभ्यासाला लागलो. बॉस्टन विद्यापीठातल्या कॅथी क्रॅम यांनी १९८५ साली या विषयावर पुस्तक लिहिलं आणि मार्गदर्शकाच्या कामाचे दोन भाग पाडले. एक भाग बढतीचा: शिष्याला चांगली कामं मिळवून द्यायची, वरच्यांच्या नजरेत आणायचं, अंगावर येणाऱ्या भानगडींपासून वाचवायचं. दुसरा भाग मनाचा: ऐकून घ्यायचं, धीर द्यायचा, मैत्री करायची आणि स्वतःच्या वागण्यातून आदर्श ठेवायचा. पहिला भाग वाचून मी जरा बिचकलो. मला स्वतःलाच वरच्यांच्या नजरेत न येण्याची कला साधायला वीस वर्षं लागली होती. दुसरा भाग मात्र सोपा वाटला. आदर्श ठेवायला वेगळं काही करावं लागत नाही, नुसतं समोर बसलं की झालं, अशी माझी समजूत.

वास्तविक आमच्याच धंद्यातला एक तक्ता मला त्या वेळी आठवायला हवा होता. गाडीचा सुटा भाग बदलला की आम्ही नव्या भागाच्या किमतीतून घसारा कापतो. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकचे भाग असतील तर सरसकट ५० टक्के. काच असेल तर शून्य. धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, मग वाढत वाढत दहा वर्षं उलटल्यावर ५० टक्के. मी वरून धातूचा दिसत असलो तरी आतून बराचसा प्लास्टिकचा आहे. कुठल्याही बाजूने हिशेब मांडला तरी माझा सल्ला निम्म्या किमतीत घ्यायला हवा होता. मनुष्यबळ विभागाने तो पूर्ण किमतीला उचलला.

माझ्या वाट्याला आलेला शिष्य परभणीचा. मेकॅनिकल इंजिनिअर, पहिलीच नोकरी, नऱ्ह्यात कॉट बेसिसवर राहणारा. पहिल्या भेटीला तो नवी कोरी वही घेऊन आला आणि मी "बस रे" म्हणालो तर तेही लिहून घेतो की काय, अशा तयारीने बसला. आम्हाला उद्दिष्टांचा फॉर्म भरायचा होता. उद्दिष्ट नेमकं हवं, मोजता येण्याजोगं हवं आणि त्याला मुदत हवी, ही पद्धत जॉर्ज डोरान नावाच्या गृहस्थांनी १९८१ साली एका लेखात मांडली. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक नोकरदाराला दर वर्षी एकदा त्या गृहस्थांची आठवण येते, फक्त नाव माहीत नसल्यामुळे ती नीट व्यक्त करता येत नाही. शिष्याने लिहिलं, 'सहा महिन्यांत सर्व्हेअरचा रिपोर्ट कुणाच्या मदतीशिवाय तपासता आला पाहिजे.' मी ते खोडलं आणि 'सर्वांगीण विकास' असं लिहिलं.

"सर, हे मोजायचं कसं?"

"म्हणूनच लिहिलं," मी म्हणालो. त्याने हे वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग मी सवयींकडे वळलो. फ्रांचेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं १९८०च्या दशकाच्या शेवटी अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ समोर ठेवलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा पंचवीस मिनिटं. यालाच पोमोडोरो म्हणतात. मला तुळशीबागेत टोमॅटो मिळाला नाही, कोंबडी मिळाली. पिळली की टिकटिकायची आणि वेळ संपली की शेजारच्या इमारतीतल्या लोकांनीही काम थांबवावं इतक्या जोरात वाजायची. ती मी समारंभपूर्वक शिष्याच्या टेबलावर ठेवली आणि बजावलं, "कोंबडी वाजली की काहीही होवो, हातातलं काम सोडायचं. शिस्त म्हणजे शिस्त."

आठवडाभरात सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांमध्ये पुराचं पाणी शिरलं. अशा दिवसांत आमचे फोन खाली ठेवायची सोय नसते. तळघरात बुडालेल्या गाडीच्या मालकाला पहिली गोष्ट सांगायची ती ही, की काही झालं तरी गाडी सुरू करू नका, चावीला हातही लावू नका, टो करून गॅरेजला पाठवा. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असताना इंजिन फिरवलं तर पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखांवर जातं. शिवाय हे नुकसान पुराने केलं की मालकाने, यावर मग वर्षभर पत्रव्यवहार चालतो. शिष्याला हे सगळं पाठ होतं. एक काकुळतीला आलेले काका फोनवर सांगत होते, "स्टिअरिंगपर्यंत पाणी होतं हो, आत्ताच ओसरलंय. आता मी काय करू?" शिष्य म्हणाला, "काका, सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, नीट ऐका," आणि कोंबडी वाजली.

"काका, पाच मिनिटांनी बोलू," म्हणून त्याने फोन ठेवला.

त्या पाच मिनिटांत तो खिडकीपाशी उभं राहून दीर्घ श्वसन करत होता. तेही मीच शिकवलं होतं. काका इकडे गाडीत बसून चावी फिरवत होते. बॅटरीसुद्धा भिजून मेली होती म्हणून इंजिन फिरलं नाही. त्या बॅटरीमुळेच मी आज हा लेख नोकरीत राहून लिहितो आहे. कोंबडी मी त्या संध्याकाळी घरी आणली. बायकोने तिच्यावर इडल्या लावायला सुरुवात केली. इडल्या उत्तम होतात.

एकनाथी भागवतात अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंची कथा येते. त्यात एक गुरू बाण करणारा कारागीर आहे. तो कामात असा गढलेला असतो की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता लागत नाही. त्याच्या पुढ्यात कोंबडी ठेवली असती तर अवधूताची यादी तेविसावर आटोपली असती. याच चोविसांत अजगरही आहे, जो जागचा हलत नाही आणि तोंडापाशी येईल त्यावर समाधान मानतो. ते वाचून मला पहिल्यांदाच आपली या परंपरेत जागा असल्याचा भास झाला.

आता ताण कमी करण्याचा भाग. नियम असा होता की दर सोमवारी मार्गदर्शकाने शिष्याला विचारायचं, 'एक ते दहामध्ये तुझा ताण किती?' आणि आकडा मनुष्यबळ विभागाला कळवायचा. पहिल्या सोमवारी तो म्हणाला, "तीन." मला वाटलं, लपवतोय. क्रॅमबाई म्हणतात ऐकून घ्यायचं, म्हणून मी खोलात शिरलो. तीनच का? घरी सगळं ठीक ना? वडिलांचं कर्ज वगैरे? झोप लागते? लग्नाचं बघतात का? अर्ध्या तासाने त्याने आकडा पाचावर नेला. पुढच्या सोमवारी सहा. मग सात. माझी काळजी वाढली तशी मी चौकशी वाढवली, आणि चौकशी वाढली तसा आकडा. १९२०च्या दशकात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात असं दिसल्याचं सांगतात की कुणी आपल्याकडे लक्ष देतंय एवढ्यानेच कामगारांचं काम सुधारतं. त्या कारखान्यात मी नव्हतो.

सातावर गाडी अडली तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे लाल, जांभया आवरत नाहीत, डबा अर्धा परत जातोय. मी त्याला प्राणायाम सांगितला, बदाम सांगितले, सकाळी पर्वतीला जायला सांगितलं. रोग त्याच्या फोनमध्ये होता आणि तो मीच पाठवत होतो.

त्याचं असं आहे की दिवसा माझ्याकडून मेलांना उत्तरं होत नाहीत. दिवसा लोक भेटायला येतात, चहा येतो, मग तो चहा कसा होता यावर बोलणं होतं. रात्री साडेअकराला, घरातले सगळे झोपले आणि मॅच संपली की मी लॅपटॉप उघडतो आणि धडाधड मेल पाठवतो. यामागे कुठलंही तातडीचं कारण नसतं. फार तर साहेबांनी सकाळी वेळ पाहून 'माणूस रात्री उशिरापर्यंत खपतो' असं म्हणावं, एवढी माफक अपेक्षा. शिष्याला ते माहीत नव्हतं. सरांचा मेल आला म्हणजे सर उत्तराची वाट बघत बसले असणार, असं समजून तो अंथरुणातून उठायचा आणि रात्री एक वाजता उत्तर द्यायचा. सर तेव्हा घोरत असायचे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट'ची व्याख्या केली ती अशी, की कामाच्या जागेवरचा ताण खूप दिवस नीट हाताळला गेला नाही तर ही स्थिती येते. तिला आजार म्हटलेलं नाही, नोकरीधंद्यातून उद्भवणारी बाब म्हटलं आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा आहे की मोठ्या कंपन्यांनी कामगारांशी बोलून कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काचे नियम ठरवावेत. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी याच हक्कासाठी २०१८चं खासगी विधेयक मांडलं. आमच्या पॉलिसीत मात्र झीज बसत नाही. गाडी एका क्षणात झाडावर आदळली तर दावा मिळतो, रोज थोडी थोडी झिजली तर नाही. माझ्या शिष्याला कुणी ठोकलं नव्हतं. तो रोज रात्री साडेअकराला थोडा थोडा झिजत होता, आणि सोमवारी मीच त्याला विचारत होतो की तुला नक्की काय होतंय.

हे कोडं मी सोडवलं असं लिहायला मला आवडलं असतं. ते सोडवलं त्याच्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने. हा आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी लागलेला इचलकरंजीचा मुलगा. त्याला कुणी कुणाचा मार्गदर्शक नेमलेलं नव्हतं. निकषातच बसत नव्हता, कारण त्याच्याकडे काम होतं. तो एकदा वडापाव खाता खाता शिष्याला म्हणाला, "अरे, सरांचे रात्रीचे मेल साहेबांसाठी असतात, तुझ्यासाठी नसतात. सकाळी दहाला उत्तर दे. सरांनाही आठवत नसतं काय पाठवलं ते." कुठला गॅरेजवाला फोनवर खरं बोलतो, कुठल्या सर्व्हेअरला दुपारी दोननंतरच फोन करायचा, नाकारलेल्या दाव्याचं पत्र लिहिताना कुठली भाषा टाळायची, साडेसहाला बॅग उचलून निघालं तरी आभाळ कोसळत नाही, हे सगळं त्याने वडापावांवर शिकवलं. सोमवारचा आकडा साताचा चार झाला, चाराचा दोन. मी मनुष्यबळ विभागाला कळवलं की माझ्या मार्गदर्शनाला फळ येत आहे.

पुढे वाचनात आलं की क्रॅमबाईंना हेही ठाऊक होतं. त्याच १९८५ साली लिन इझाबेला यांच्याबरोबर लिहिलेल्या एका लेखात त्यांनी म्हटलंय की बरोबरीचे सहकारी हीसुद्धा शिकण्याची आणि आधाराची मोठी जागा असते. १९९९ मध्ये रॅगिन्स आणि कॉटन या दोघांना दिसलं की कंपनीने नेमून दिलेल्या मार्गदर्शकांपेक्षा आपोआप जुळलेल्या मार्गदर्शकांचा लोकांना जास्त उपयोग होतो. पुढच्याच वर्षीच्या त्यांच्या अभ्यासात तर असं आढळलं, की मार्गदर्शकावर नाराज असलेल्यांची नोकरीविषयीची भावना मार्गदर्शकच नसलेल्यांपेक्षा काही बरी नव्हती. म्हणजे माझ्यासारखा असून नसून सारखाच. मला यात दिलासा वाटला. मी याहून वाईट निकालाच्या तयारीत होतो.

योजनेत एक दिवस सावलीचा होता. शिष्याने सकाळपासून संध्याकाळपर्यंत मार्गदर्शकाच्या शेजारी बसून त्याचं काम नुसतं पाहायचं. त्या दिवशी मला पूर्ण वेळ काम करावं लागलं. दुपारी चारच्या सुमारास मला घेरी आली. तो मात्र शांतपणे वहीत काही तरी टिपत होता. अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१ साली स्टॅनफर्डमध्ये लहान मुलांसमोर एका मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला बडवायला लावलं, आणि मुलांनीही मग तिला तसंच बडवलं. त्या मुलांना कुणी व्याख्यान दिलं नव्हतं. त्यांनी नुसतं पाहिलं होतं.

पाहण्याचा परिणाम मला समारोपाच्या कार्यक्रमात ऐकायला मिळाला. हॉल भरलेला, साहेब पहिल्या रांगेत, आणि प्रत्येक शिष्याने 'मी मार्गदर्शकाकडून काय शिकलो' यावर बोलायचं. माझा शिष्य उठला. मनात पाप नसलेला मुलगा. वही उघडून वाचू लागला. अवघड मेल आला की त्याला पिवळा झेंडा लावावा, पंधरा दिवसांत निम्मे प्रश्न आपणहून मरतात. फोनवर कुणालाही नाही म्हणू नये, 'बघतो' म्हणावं. जागेवरून उठताना चष्म्याचं घर टेबलावर उघडं ठेवावं, म्हणजे साहेबांना वाटतं माणूस इथंच कुठं तरी आहे. हॉलमध्ये हशा पिकला. साहेबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी चष्म्याचं घर खिशात ढकललं.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट," तो म्हणाला, "सर दावा घेऊन आलेल्या माणसाला गाडीबद्दल आधी काहीच विचारत नाहीत. पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: तुम्हाला कुठं लागलं नाही ना? माणूस तिथंच निम्मा शांत होतो. हे सरांनी मला कधी सांगितलं नाही. मी बघितलं. आता मीही तसंच विचारतो."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. खरं कारण सांगायची ती वेळ नव्हती. कुणाला इजा झाली असेल तर ती फाइल आमच्याकडे राहत नाही, दुसऱ्या विभागात जाते. म्हणून मी तो प्रश्न आधी विचारतो आणि उत्तराकडे आशेने बघतो. पण त्या मुलाने त्यातली आशा काढून टाकली होती आणि काळजी तेवढी ठेवली होती. तोंडी मी त्याला जे जे शिकवलं, त्यातलं त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं. न शिकवता गेलं ते राहिलं: चष्म्याचं घरही आणि हा प्रश्नही. कुठलं घ्यायचं आणि कुठलं सुधारून घ्यायचं, याची अक्कल शेजारच्या खुर्चीने पुरवली.

मला उत्कृष्ट मार्गदर्शकाचं स्मृतिचिन्ह मिळालं. शिष्याची पेंडन्सी विभागात सगळ्यात कमी होती आणि ताणाचा आकडा सातावरून दोनावर आला होता. इतकी घसरण कुणाच्याच शिष्याची नव्हती, कारण इतका वर कुणी नेलाच नव्हता.

जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी १९९९ साली आपल्या पाचेकशे वरिष्ठांना तरुणांकडून इंटरनेट शिकायला लावलं होतं. मीही म्हटलं, आपणही उलटी शिकवणी घ्यावी. शिष्याने मला एकच गोष्ट शिकवली: मेल रात्री लिहिला तरी तो सकाळी दहाला जाईल अशी वेळ लावून ठेवता येते. मी निमूटपणे तसं करू लागलो. नव्या मुलांच्या बाबतीतही मी आता एकच काम करतो. त्यांची खुर्ची इचलकरंजीकराच्या शेजारी लावून घेतो आणि बाजूला होतो.

तीन आठवड्यांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "हल्ली रात्रीचे मेल दिसत नाहीत तुमचे," ते म्हणाले. "काम कमी झालेलं दिसतंय. असं करा, या बॅचमधली आणखी तिघं तुमच्याकडे घ्या."